बाईंचं अपेंडिक्स

ती माझी मैत्रीण नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं की दोघी मराठी, दोघी एकाच लॅबमध्ये, त्यातून झाशीसारखं गाव, म्हणजे गळ्यात गळे असणारच. नव्हते. समोर मी तिला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणायची, मनात मात्र 'ती'. इथे मनातलंच लिहिते आहे. साडेतीन वर्षं मी तिच्यावर जळले, आणि तिची बदली झाल्यावर जळणं थांबलं असं काही नाही.

ती साताऱ्याकडची. नवरा झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत, फौजेत सुभेदार. पुण्याला पोस्टिंग होतं तेव्हा तिने तिथल्या एका लॅबमध्ये काम केलं होतं आणि तेवढ्या शिदोरीवर आमच्या इस्पितळात कंत्राटावर लागली. मी तेव्हा तिथे तेरा वर्षं काढलेली, पक्क्या नोकरीतली. पहिल्याच दिवशी तिने आमचा फ्रिज उघडला, आत माझा दह्याचा डबा बघितला, उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "इथे पाहुण्या राहतात." पाहुण्या म्हणजे अँटिबॉडीच्या बाटल्या.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते, त्याशिवाय माझं जळणं कळायचं नाही. पेशी वाढते तेव्हा तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं शरीरात असतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये आम्ही त्यांतली चार तपासतो. चारही गाठीत सापडली तर ठीक. एखादं नाहीसं असलं, तर आजार घराण्यातून आलेला असू शकतो, आणि मग रोग्याच्या भावंडांना, मुलांना, सगळ्यांनाच तपासायला बोलवावं लागतं. प्रथिन काही डोळ्यांना दिसत नाही. त्याला शोधायला अँटिबॉडी लागते, प्रत्येकाची वेगळी. इवल्याशा बाटलीत, परदेशातून, बर्फात बसून येते. ती बरोबर आपल्याच प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि जिथे चिकटली तिथे आम्ही तपकिरी रंग चढवतो. तपकिरी म्हणजे आहे, नुसतं निळं म्हणजे नाही. ऐकायला सोपं आहे.

करायला नाही. काचेवर घेतलेला गाठीचा काप आधी कुकरमध्ये उकळावा लागतो, तरच अँटिबॉडीला आत शिरायला वाट मिळते. हो, कुकरच, घरी डाळीला असतो तसला, इंडक्शनवर ठेवलेला. आम्ही पाच शिट्ट्या काढायचो. मी गप्पा मारत काढायची. ती कुकरसमोर हात मागे बांधून उभी राहायची आणि कोणी काही विचारलं तर उत्तराऐवजी बोटं वर करायची, किती शिट्ट्या झाल्या तितकी. एकदा मोठे सर आत आले आणि म्हणाले, मैडम जी, कल की मीटिंग कितने बजे रखें. तिने तीन बोटं दाखवली. सरांनी मीटिंग तीनला ठेवली.

हातात दोन घड्याळं. डाव्या हातातलं जगासाठी, उजव्या हातातलं फक्त लॅबसाठी. जूनमध्ये झाशीत दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, आणि ही बाई आत स्वेटर घालून बसलेली, कारण एसी कमी केला तर पाहुण्यांना सोसणार नाही. जेवण उभ्याने. भाकरी, ठेचा आणि कांदा, रोज तेच. शिट्ट्या चालू असताना बिजली गेली की ती सगळे काप सरळ फेकून द्यायची आणि नव्याने कापायला बसायची. सगळ्यांना घरी जायची घाई असली तरी ती मेणात बसवलेल्या तुकड्याचा ठोकळा हातात घ्यायची. आम्ही दात-ओठ खायचो.

आणि तिच्या काचा! काय सांगू. माझ्या काचा बऱ्या असायच्या, कामापुरत्या. तिच्या काचेवर पेशीन् पेशी वेगळी, तपकिरी रंग जिथल्या तिथे, कुठे डाग नाही, धुरकटपणा नाही. मोठे सर माझी काच बघून 'ठीक है' म्हणायचे. तिची काच बघताना ते खुर्ची पुढे ओढायचे. तो खुर्ची ओढल्याचा आवाज मला घरीही ऐकू यायचा. मी तिचं बघून बघून सगळं तसंच केलं. तेच पाणी, तीच बाटली, तेवढाच वेळ. तरी 'ठीक है.'

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची तिची एक पद्धत होती. गाठीकडे आधी जायचीच नाही. गाठीच्या आजूबाजूला ज्या चांगल्या, निरोगी पेशी असतात, त्या आधी बघायची. म्हणायची, "आधी गाव बघायचं, मग चोर." म्हणजे असं की, निरोगी पेशीत ते प्रथिन असतंच. तिथे तपकिरी दिसलं तर अँटिबॉडीने काम केलं. तिथेही निळंच असेल तर तपासणीच फसली, गाठीबद्दल काही बोलायचा अधिकार नाही. हे आम्हालाही माहीत होतं, कोर्समध्ये शिकवतात. पण ती ते असं म्हणायची, जणू काही शोध तिचाच.

बरं, लॅबपुरतं राहिलं असतं तर मी गिळलं असतं. पण ती माझ्या घरात घुसली. आमचं घर दतिया गेटजवळ. माझी आई एके वर्षी गणपतीत म्हणाली, तुझ्याकडे ती मराठी बाई आहे ना, तिला बोलव की. बोलावलं. झालं! आईला दुसरी लेक सापडली. आमच्या घरची मराठी म्हणजे अर्धी हिंदीत भिजलेली. मी भाजी 'बनवते', ती भाजी 'करते'. आई फडताळ म्हणाली की मी हसायची, ती म्हणाली, आमच्या आत्याही फडताळच म्हणतात. मग काय, दर रविवारी दोघी पाटावर बसून सांडगे, मेतकूट आणि कोणाकोणाच्या लग्नातली भांडणं. आईला काळे तीळ घालून चटणी येते हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ते आईने तिला भरून दिलेल्या डब्यातून.

माझी मुलगी मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. मी किती मागे लागले, मम्मी प्लीज, म्हणायची. त्या बाईसमोर एके दिवशी तीच मुलगी म्हणाली, "मावशी, मला पण थोडं वाढा." मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

आता अपेंडिक्स. प्रत्येक तपासणीबरोबर एक काच अशी लावायची असते जिच्यात प्रथिन असणार हे नक्की ठाऊक आहे. आम्ही जुना कुठलाही तुकडा वापरायचो. ती आली आणि म्हणाली, असं बेवारस चालणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून मेणाचा ठोकळा काढला. आत तिचं स्वतःचं अपेंडिक्स. लष्करी इस्पितळात काढलं होतं, आणि हिने तिथल्या डॉक्टरांच्या मागे लागून, अर्ज करून, ते परत मिळवलं होतं. म्हणाली, याची मला खात्री आहे, तीस वर्षं माझ्या पोटात होतं. तेव्हापासून समथरचा शेतकरी असो की झाशीची ठेकेदारीण, प्रत्येकाच्या गाठीशेजारी कुकरमध्ये बाईंचं अपेंडिक्स उकळायचं. लोक हसायचे, मीही हसायची. पण घरी येऊन मी विचार करायची की माझ्या अंगातलं असं काय आहे ज्यावर कोणी भरवसा ठेवेल.

त्याच सुमारास सरांनी सांगितलं की स्पेशल स्टेनिंगच्या, म्हणजे आमच्या या रंगकामाच्या, टेबलाला एक इन्चार्ज नेमायचा आहे. कायम कोण, मी. काम कोणाचं, तिचं. सर म्हणाले, देखते हैं. मी त्या 'देखते हैं'वर दोन महिने झोपले आणि उठले.

मग ती भाचीच्या लग्नाला दहा दिवस साताऱ्याला गेली. जाताना कपाटावर कागद चिकटवून गेली, सूचना. त्यातली चौथी: 'माझं अपेंडिक्स दर वेळी लावणे.' मी मनात म्हटलं, लावते, थांब.

दुसऱ्याच दिवशी गुरसरायच्या एका शाळामास्तरांचा तुकडा आला. वय चाळिशीच्या आसपास, आतड्याची गाठ काढलेली. वडीलही पोटाच्याच आजाराने गेलेले. सर म्हणाले, जल्दी है. मी चारही अँटिबॉडी काढल्या. अपेंडिक्स लावलं नाही. मला कोणाच्या पोटातल्या तुकड्याची गरज नाही, असं मला दाखवायचं होतं, आणि बघायला तर तिथे कोणी नव्हतंच. दुसऱ्या शिट्टीनंतर बिजली गेली. जनरेटर यायला वेळ लागला, कुकर थंड झाला. मी तोच पुन्हा चालू केला. दोन आधीच्या, तीन नंतरच्या, झाल्या पाच. घरी डाळ अशीच शिजते.

तीन प्रथिनं तपकिरी आली. चौथ्याच्या काचेवर गाठ पूर्ण निळी. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. असा रोगी आमच्या लॅबला तोवर सापडला नव्हता, आणि तो मला सापडला, मला एकटीला, ती नसताना. काच सरकवताना कडेच्या निरोगी पेशी डोळ्यांखालून गेल्या. त्याही निळ्याच होत्या. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं, आणि मी काच पुढे सरकवली. सर आले तेव्हा मी त्यांना नेमकी गाठच लावून दाखवली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

रिपोर्ट गेला. मीटिंगमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, मैडम जी ने अकेले पकड़ा है. मास्तरांच्या घरी निरोप गेला की आजार खानदानी असू शकतो, सगळ्या भावंडांनी तपासून घ्या. मी त्या आठवड्यात आईसाठी साडी आणली.

ती परत आली ती बॅग खांद्यावरून उतरवायच्या आधी काचांच्या ट्रेपाशी. लोक घरी आल्यावर टपाल बघतात, तशी ती काचा बघायची. मास्तरांच्या काचा बघितल्या आणि विचारलं, "अपेंडिक्स कुठंय?" मी म्हटलं, नाही लावलं. तिने बॅग उतरवली. मास्तरांचा ठोकळा काढला, नवे काप घेतले, दुपारभर कुकरसमोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीवर बसवलं. गाव तपकिरी होतं, चोरही तपकिरी होता. चौथं प्रथिन जागच्या जागी होतं. मास्तरांना आजार होता, पण घराण्याला नावं ठेवण्यासारखं त्या काचेत काही नव्हतं.

मी तिला म्हटलं, बाई, नव्या रिपोर्टवर लिहू या ना की अँटिबॉडीची ती बाटली खराब निघाली. निघतात की कधीकधी. तुम्ही सांगितलंत तर सर मानतील. मी इन्चार्जचं बोलले नाही, पण तिला कळत होतं.

"त्या बाटलीला तोंड नाही," ती म्हणाली, "म्हणून तिच्या माथी मारायचं?"

सरांना मी सगळं सांगितलं. बिजलीचं, अपेंडिक्सचं, कडेच्या पेशींचंही. सरांनी पेपरवेटखालचा जुना रिपोर्ट काढला. मग म्हणाले, नया रिपोर्ट भेज दो, बात ख़त्म. मला तेवढंच हवं होतं. पण ती दारात उभी होती. मराठीत मला म्हणाली की कागदाने घाबरवलेली माणसं कागदाने शांत होत नाहीत, कोणीतरी जायला हवं. आणि तिची हिंदी इतकी भयंकर की ती एकटी गेली असती तर मास्तरांना अजून एखादा आजार कळवून आली असती. म्हणजे बोलायचं मलाच होतं. दोघी बसने गुरसरायला गेलो. आमचे पूर्वज कधीकाळी गुरसरायच्याच मराठी जहागिरीत कारकून होते म्हणे. त्यांनीही चुका केल्या असतील, पण सांगायला कोणी नेलं नसेल.

मास्तर खाटेवर बसले होते, वाळलेले. शेजारी त्यांची म्हातारी आई, दाराशी पंचविशीची बहीण. मी नवा रिपोर्ट पुढे केला आणि म्हटलं, पहिला रिपोर्ट चुकीचा होता, आजार खानदानी असल्याचं त्यात काही निघालं नाही, गलती मशीनची नाही, माझी आहे. बोलताना मी माझ्याच चपलेकडे बघत होते. मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि डोळे पुसले. म्हातारी उठली. मला वाटलं, आता मला बोलणार. ती सरळ माझ्या शेजारच्या बाईकडे गेली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "भगवान तुमाओ भलो करे." खरं मी बोलले आणि आशीर्वाद तिला. त्या घटकेलाही, त्या खाटेसमोर उभी असताना, मला राग आला. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

बहीण मात्र माझ्याकडेच बघत होती. तिने विचारलं, "तो समथर वालों को भी आप ही बता देंगी?"

मला कळेना. मास्तरांनी सांगितलं की तिचं समथरला ठरलं होतं, दिवाळीनंतर लग्न. रिपोर्टचं तिकडे कानावर गेलं आणि सोमवारी त्यांनी नकार कळवला. मी म्हटलं, हो, मी बोलते. मुलीने मला समथरवाल्यांचा नंबर दिला, आणि सोबत स्वतःचाही, काय झालं ते कळवायला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तसंच, तिच्याकडे न बघता विचारलं की बाई, तुमच्या हातून झालं असतं तर तुम्हीही अशाच आला असता ना. ती पदराच्या टोकाला गाठ मारत बसली होती. म्हणाली, "नाही गं. मी कागद पाठवला असता. मला धीर झाला नसता."

एवढी वर्षं मी हिच्याहून सरस व्हायला बघत होते, आणि एका गोष्टीत झाले म्हणे. पण तिने ते असं सांगून टाकलं, भाकरी-ठेच्याचं सांगावं तसं, अंगाला काही न लावता. मला आयुष्यात असं खरं बोलता आलं नाही. गुरसरायमध्ये बोलले तेही तिने ढकलत नेलं म्हणून. मी पुन्हा जळले, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त.

समथरला मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, जी-जी म्हणाले, आणि मग विचारलं की आपके यहाँ लड़की के ब्लड की जाँच कितने में होती है. मी मुलीला कळवलं की बोलले आहे, बघू या. त्यानंतर तो विषय मी मनाच्या फडताळात बंद केला. वर्ष गेलं. सुभेदारसाहेबांची बदली आसामकडे झाली, ती गेली, आणि इन्चार्ज मी झाले. म्हणजे मिळालं तेही ती नव्हती म्हणून. कपाटावरचा तिचा कागद मी काढलेला नाही. काप उकळताना बिजली गेली तर मीही आता सगळं फेकून देते, आणि लॅबमधल्या नव्या मुली माझ्यावर दात-ओठ खातात.

ती मला फोन करत नाही. आईला करते, दर पंधरा दिवसांनी. परवा आई फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ती विचारत होती, गुरसरायच्या त्या मुलीचं पुढे काय झालं."

मला माहीत नव्हतं. तिकडे आसामात बसून तिला आठवण राहिली, आणि मी इथे, बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या जवळ. मला इतका संताप आला, तिचा की माझा कोण जाणे, की म्हटलं आता तरी हिच्या आधी मीच विचारते. नंबर माझ्याच फोनमध्ये होता. लावला. मुलीने उचलला. मी म्हटलं, झाँसी से बोल रही हूँ, अस्पताल की लैब से.

"बड़ी मैडम बोल रही हैं?" बाईच समजून तिचा आवाज एकदम खुलला.

"नहीं," मी म्हटलं. "दूसरी। जिससे गलती हुई थी।"

"पता है," ती म्हणाली. "बोलिए।"